जांगा-सांगाचे वर्षावन आणि आका समाज : प्रवासाला निघण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्य आफ्रिकेतील वर्षावनात जाऊन तेथील मूळ वनवासी समाजाला भेटावे आणि गोरिला, वनहत्ती यांसारखे दुर्मीळ प्राणी त्यांच्या घरी पाहावेत, अशी इच्छा असणाऱ्या मराठी प्रवाशांच्या मनात सहसा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे मुख्यतः जांगा-सांगा या एकाच प्रदेशाला धरून आहेत. शेजारच्या देशांचा उल्लेख गरजेपुरताच केला आहे.

जांगा-सांगा नेमके कोठे आहे?

मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्य टोकाला, कॅमेरून आणि काँगो प्रजासत्ताक यांच्यामध्ये पाचरीसारखा घुसलेला जो भूभाग आहे, तेथे हे जंगल आहे. सांगा नदीच्या काठावरील बायांगा हे गाव प्रवाशांचा तळ असते. १९९० मध्ये येथे दोन प्रकारचे संरक्षण एकाच वेळी लागू झाले. सुमारे ३,१५९ चौरस किलोमीटरचे विशेष राखीव वन तयार झाले आणि त्याला लागून सुमारे १,२२० चौरस किलोमीटरचे जांगा-न्डोकी राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय उद्यानात शिकारीला पूर्ण बंदी आहे, तर राखीव वनाच्या ठरावीक भागात स्थानिकांना पारंपरिक पद्धतीने शिकार आणि रानमेवा गोळा करण्याची मुभा आहे. पुढील बरीच उत्तरे या फरकावर अवलंबून असल्याने तो लक्षात ठेवावा. काँगोमधील नुआबाले-न्डोकी आणि कॅमेरूनमधील लोबेके या उद्यानांसह हा सारा प्रदेश २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला.

‘पिग्मी’ म्हणजे एकच जमात आहे का?

नाही. काँगो खोऱ्यात आणि त्याच्या कडेने राहणाऱ्या अनेक वेगवेगळ्या समाजांना बाहेरच्यांनी दिलेले हे सामायिक नाव आहे. जांगा-सांगामध्ये आका राहतात. कॅमेरून, गॅबन आणि उत्तर काँगोमध्ये बाका आहेत, काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील इतुरीच्या जंगलात म्बुती आहेत, तर युगांडा, रवांडा आणि बुरुंडीमध्ये ट्वा आहेत. आका आणि बाका यांचे जगणे बरेच सारखे असले, तरी त्यांच्या भाषा वेगवेगळ्या कुळांतील आहेत. आकांची भाषा बांटू कुळातील आहे, बाकांची नाही. भेटीच्या वेळी त्या समाजाचे स्वतःचे नाव वापरावे, एवढे पुरेसे आहे.

सध्या तेथे जाणे सुरक्षित आहे का?

या प्रश्नाचे उत्तर प्रवास विकणाऱ्याकडून घेऊ नये. २०१३ पासून मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाने सत्तापालट, सशस्त्र गट आणि दीर्घ अस्थैर्य अनुभवले आहे, आणि अनेक देशांची सरकारे आपल्या नागरिकांना तेथे न जाण्याचा सल्ला देतात. बायांगाचा परिसर देशाच्या इतर भागांच्या तुलनेत बराच काळ शांत राहिला आहे हे खरे असले, तरी तोही सुटलेला नाही. मे २०१३ मध्ये सशस्त्र टोळी थेट जांगा बाय या वनहत्तींच्या मैदानापर्यंत पोहोचली आणि तिने किमान २६ हत्ती मारले. उद्यान काही काळ पर्यटकांसाठी बंद झाले आणि नंतर पुन्हा उघडले.

निघण्यापूर्वी भारतीय परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात, त्या भागाची जबाबदारी असलेल्या भारतीय दूतावासात आपल्या प्रवासाची नोंद करावी, आणि प्रवास विमा त्या देशासाठी खरोखरच लागू होतो का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. आपद्प्रसंगी विमानाने बाहेर काढण्याचा खर्च ज्या विम्यात नाही, तो विमा या प्रवासासाठी निरुपयोगी आहे. घरातील मंडळींना काळजीने झोप लागणार नसेल, तर पुढच्या प्रश्नाचे उत्तर अधिक उपयोगी पडेल.

त्याऐवजी दुसरीकडे जाता येईल का?

येईल. काँगो प्रजासत्ताकातील नुआबाले-न्डोकी उद्यान हे त्याच सलग जंगलाचा भाग आहे. तेथेही गोरिला आणि वनहत्ती पाहता येतात आणि तेथेही माग काढणारे बरेचसे लोक वनवासी समाजातीलच असतात. ओद्झाला-कोकुआ हे त्याच देशातील जुने उद्यान १९३५ पासून संरक्षित आहे. युगांडाला पोहोचणे सर्वांत सोपे आहे, परंतु तेथील बविंडी उद्यानात दिसतो तो पर्वतीय गोरिला, आणि तेथील ट्वा समाजाची परिस्थिती आकांपेक्षा फार निराळी व अधिक दुःखद आहे. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

बायांगाला कसे पोहोचायचे?

मुंबईहून अदिस अबाबासारख्या मोठ्या विमानतळावर विमान बदलून राजधानी बांगीला जाता येते. बांगीहून बायांगा रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर आहे, पण हे अंतर आपल्याकडच्या महामार्गाच्या हिशेबाने मोजू नये. शेवटचा बराचसा रस्ता लाल मातीचा आहे. पावसात तो चिखलाने भरतो आणि वाटेत तपासणी नाक्यांवर थांबावे लागते. कोरड्या दिवसांतही सगळा दिवस, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणून बहुतेक पाहुणे छोट्या भाड्याच्या विमानाने जातात. या प्रवासाचा खर्च फुगतो तो प्रामुख्याने या विमानामुळे, आणि म्हणूनच चार-सहा जणांचा गट केल्यास माणशी खर्च बराच उतरतो.

कोणत्या महिन्यांत जावे?

डिसेंबर ते फेब्रुवारी हे सर्वांत कोरडे महिने आहेत आणि रस्त्याने जाणाऱ्यांनी तेच निवडावेत. जोराचा पाऊस साधारणपणे सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पडतो. तथापि पावसाळ्याचाही एक लाभ आहे. जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास सापेली वृक्षावरील सुरवंट खाली उतरतात आणि आका कुटुंबे ते खाण्यासाठी गोळा करायला जंगलात मुक्कामाला जातात. आकांचे जंगलातील जीवन पाहण्यात ज्यांना खरा रस आहे, त्यांनी अंग भिजण्याची तयारी ठेवून हा काळ निवडला तर वावगे नाही.

जांगा बाय येथे काय दिसते?

घनदाट जंगलाच्या मधोमध असलेले हे एक मोठे, उघडे, दलदलीचे मैदान आहे. गाडीतून उतरल्यावर सुमारे दोन किलोमीटर पायी जावे लागते. त्यातला काही भाग गुडघाभर आणि कधी मांडीपर्यंत येणाऱ्या, स्वच्छ वाळूच्या तळाच्या ओढ्यातून असतो. पुढे लाकडी मचाणाच्या पायऱ्या चढून वर आले, की समोर एकाच वेळी चाळीस, पन्नास, कधी शंभरापर्यंत वनहत्ती दिसतात. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशातील हत्तींपेक्षा हे हत्ती लहान असतात, त्यांचे कान गोलसर आणि सुळे सरळ, खालच्या दिशेला असतात. घनदाट जंगलात त्यांचे एखादे शेपूट दिसणेही दुरापास्त असल्यामुळे या मैदानाचे मोल फार मोठे आहे.

हत्ती येथे येतात ते मिठासाठी, म्हणजे जमिनीतील खनिजांसाठी. मचाणावर बसून एकाच हत्तीकडे अर्धा तास पाहत राहावे, असा आमचा आग्रहाचा सल्ला आहे. तो पुढचे गुडघे टेकतो, पाण्याखालच्या खड्ड्यात सोंड जवळजवळ डोळ्यांपर्यंत घालतो, आत जोरात फुंकर मारून वाळू सैल करतो, पाण्यावर बुडबुड्यांचा फेस येतो, आणि मग खालचे खनिजयुक्त पाणी ओढून तोंडात सोडतो. चांगल्या खड्ड्यासाठी भांडणे होतात. मोठा नर आला की माद्या आणि पिल्ले निमूटपणे बाजूला होतात. चिखलाच्या रंगाप्रमाणे काही हत्ती राखाडी, काही पिवळे तर काही विटकरी दिसतात. मैदानात बोंगो हे तांबूस, पांढऱ्या पट्ट्यांचे मोठे हरिण, सितातुंगा हे दलदलीत वावरणारे हरिण, रानरेडे आणि राखाडी पोपटांचे थवेही येतात.

अँड्रिया टर्कालो या संशोधिकेने १९९० पासून अनेक वर्षे याच मचाणावरून हत्तींची एकेक करून ओळख ठेवली. त्या नोंदींमधून एक महत्त्वाची गोष्ट कळली. वनहत्तीण पहिल्यांदा वितेपर्यंत सहसा तेवीस वर्षांच्या पुढे गेलेली असते आणि दोन पिल्लांत पाच-सहा वर्षांचे अंतर असते. त्यामुळे एकदा कत्तल झाली, की संख्या सावरायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात. २०२१ मध्ये वनहत्तीची स्वतंत्र प्रजाती म्हणून गणना करून तिला अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आले, आणि तीन दशकांच्या काळात तिची संख्या ८६ टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्या वेळी नोंदवले गेले.

गोरिला नक्की दिसतील का? नियम कोणते असतात?

‘नक्की’ असे कोणीही सांगू शकत नाही, पण शक्यता चांगली असते. बाई होकू आणि मोंगाम्बे या तळांजवळील पश्चिमी सखल प्रदेशातील गोरिलांचे काही गट माणसांच्या अस्तित्वाला सरावलेले आहेत. हा सराव होण्यासाठी कित्येक वर्षे जातात, आणि ते काम आका मागकाढ्यांशिवाय अशक्य झाले असते. दाट झुडपांतून जाताना वाकलेले पान, अर्धवट कुरतडलेला देठ, मातीवर टेकलेल्या बोटांच्या पेरांचा ठसा, हे सारे त्यांना आपल्याला वर्तमानपत्र वाचता यावे तितक्या सहज वाचता येते. गट जवळ आला की ते जिभेने टकटक असा आवाज करतात, म्हणजे ‘आम्ही तेच, ओळखीचे’ असे गोरिलांना कळते.

पाहण्याची वेळ सामान्यतः एक तास असते, गट लहान असतो, तोंडावर मुखपट्टी बांधावी लागते आणि अंतर किमान ७ मीटर, अनेक ठिकाणी आता १० मीटर राखावे लागते. ज्याला सर्दी, खोकला किंवा ताप आहे, त्याने त्या दिवशी जाऊ नये; पैसे भरले आहेत म्हणून खोकला लपवणे हा गुन्हाच समजावा. माणसाचे साधे श्वसनरोग गोरिलांना मारू शकतात. रोगामुळे काय होऊ शकते, याचे उदाहरण शेजारच्या काँगोमधील लोसी येथे आहे, जेथे २००२ आणि २००३ च्या इबोलाच्या साथीत सुमारे ५,००० गोरिला मेल्याचा संशोधकांचा अंदाज आहे.

याखेरीज कोणते प्राणी दिसू शकतात?

सरावलेल्या चपळ मँगाबे माकडांचा मोठा कळप सहसा दिसतो आणि तो गोरिलांपेक्षा कितीतरी अधिक करमणूक करतो. खवले मांजर कोकणातील वाचकांना ऐकून तरी ठाऊक आहे. येथे झाडावर राहणाऱ्या लहान जाती आहेत, पण त्या रानात दिसणे हा नशिबाचा भाग आहे. बिबट्या असतो, दिसत नाही.

आकांची भेट म्हणजे नेमके काय असते?

बायांगाजवळ यांदुम्बे यांसारख्या आका वस्त्या आहेत. येथेच लुई सार्नो हे अमेरिकन गृहस्थ १९८० च्या दशकात आकांच्या गाण्यांच्या ओढीने आले आणि आयुष्यातील बराच काळ राहिले. त्यांचे २०१७ मध्ये निधन झाले, आणि त्यांनी केलेली हजाराहून अधिक तासांची ध्वनिमुद्रणे ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात जपलेली आहेत.

सर्वांत चांगली भेट म्हणजे आकांबरोबर जंगलात घालवलेला दिवस. जाळ्याने केलेली शिकार हा त्यातला मुख्य भाग असतो. एका झाडवेलीच्या सालीचा दोर वळून केलेली ही जाळी प्रत्येक कुटुंबाची स्वतःची असते. ती एकमेकांना जोडून जंगलात मोठा अर्धवर्तुळाकार पडदा उभारतात आणि मग आरडाओरड करत, झुडपे झोडत डायकर नावाच्या छोट्या हरणाला जाळ्याकडे हाकतात. यात स्त्रिया बरोबरीने असतात, आणि बऱ्याचदा त्यांचाच आवाज मोठा असतो. कित्येक वेळा काहीही सापडत नाही. तशा दिवशीही स्त्रिया कोको या वेलीची पाने खुडतात, टोपलीचा पट्टा कपाळावर अडकवून ओझे पाठीवर घेतात, आणि वाटेत कोणते मूळ पोटदुखीवर, कोणती साल दातदुखीवर, हे दाखवतात. मुक्कामाची घुमटाकार झोपडी स्त्रियाच बांधतात. लवचीक फांद्या जमिनीत रोवून त्यांचा सांगाडा होतो, आणि रुंद पानांच्या देठांना चीर देऊन ती कौलांसारखी एकावर एक अडकवली जातात. कुशल हातांना त्यासाठी एक-दोन तास पुरतात.

बारकाईने पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवेल. तान्ही मुले जितकी आयांजवळ असतात, तितकीच बापांजवळही दिसतात. बॅरी ह्यूलेट या मानववंशशास्त्रज्ञाने केलेल्या निरीक्षणांत आका वडील जवळजवळ ४७ टक्के वेळ तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन किंवा हाताच्या अंतरावर असल्याचे आढळले.

संध्याकाळी गाणे झाले, तर ते ऐकण्यासारखे असते. कोणी एक जण मुख्य गायक नसतो. प्रत्येक आवाज आपली वेगळी ओळ धरतो, ती बदलत राहतो, आणि तरीही सारे मिळून एकच विणकाम तयार होते. मध्य आफ्रिकेतील आकांच्या या बहुस्वरी गायनाला युनेस्कोने २००३ मध्ये मानवाच्या अमूर्त वारशाचा दर्जा दिला. मात्र सर्व विधी पाहुण्यांसाठी नसतात. एजेंगी या वनदेवतेशी निगडित काही गोष्टी तर आकांमधील स्त्रियांपासूनही राखून ठेवलेल्या असतात. तेथे ‘पैसे देतो, दाखवा’ असे म्हणणे अशोभनीय आहे.

माणसांना ‘पाहायला’ जाणे योग्य आहे का?

हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनीच जावे, असे आमचे मत आहे. या प्रश्नामागे इतिहास आहे. ओटा बेंगा नावाच्या, आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील तरुणाला १९०४ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या प्रदर्शनात मांडले गेले, १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील माकडांच्या घरात ठेवले गेले, आणि १९१६ मध्ये त्याने आत्महत्या केली. उंचीकडे बोट दाखवणारा, शेजारी उभे राहून मोजमापाचे छायाचित्र काढणारा प्रवासी नकळत त्याच रांगेत जाऊन उभा राहतो.

याउलट, आका ज्या कामात निष्णात आहेत त्या कामात त्यांच्यामागे चालणे, अडखळणे, त्यांच्या हसण्याचा विषय होणे आणि त्या ज्ञानाचे योग्य मोल देणे, यात देवाणघेवाण आहे. म्हणून सहलीच्या वेळापत्रकात ‘पिग्मी गाव : एक तास, नृत्यासह’ असे लिहिलेले असेल, तर तो तास गाळावा आणि जंगलातला पूर्ण दिवस मागावा. नोंदणी करतानाच तीन गोष्टी विचाराव्यात. मोबदला कोणाच्या हाती जातो? तो वाटला कसा जातो? आणि एखाद्या दिवशी आकांनी ‘आज नको’ म्हटले, तर काय होते? तिसऱ्या प्रश्नावर जो गोंधळतो, त्याच्याबरोबर जाऊ नये. आका आणि शेजारचे शेतकरी-कोळी गावकरी यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांच्या देवाणघेवाणीचे असले, तरी ते समान पातळीवरचे नाही, आणि मध्यस्थाच्या हातातून आकांपर्यंत पोहोचताना रक्कम आटणे सहज घडते.

भेटवस्तू आणि छायाचित्रांबाबत काय करावे?

दारू आणि सिगारेट कधीही देऊ नयेत. अनेक ठिकाणी मजुरीच या दोन वस्तूंत चुकती केली जाते आणि त्याने या समाजांचे फार नुकसान झाले आहे. मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटू नये. काही द्यायचेच असेल, तर वाटाड्याला आधी विचारून वस्तीतील जाणत्या माणसांच्या हाती द्यावे. छायाचित्रासाठी परवानगी मागावी आणि नकार आला तर कॅमेरा खाली करावा. संभाषण बहुधा आकांच्या भाषेतून सांगो या देशाच्या सामायिक भाषेत किंवा फ्रेंचमध्ये आणि तेथून इंग्रजीत असे दोन टप्प्यांनी होते. त्यामुळे प्रश्न छोटे असावेत आणि उत्तराची घाई करू नये.

उद्यानांमुळे या समाजांना जंगल गमवावे लागले, हे खरे आहे का?

होय, अनेक ठिकाणी. युगांडात बविंडी आणि म्गाहिंगा ही १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्याने झाली आणि ट्वा समाज आपल्याच जंगलाबाहेर भूमिहीन झाला. आज तेथे प्रवाशांना जो ‘ट्वा जीवनाचा अनुभव’ दाखवला जातो, तो बराचसा हरवलेल्या जगण्याचे सादरीकरण असतो. जांगा-सांगामध्ये राखीव वनाच्या काही भागात वापराचा हक्क टिकल्यामुळे परिस्थिती तुलनेने बरी आहे, पण राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आकांनाही शिकार करता येत नाही. २०१९ मध्ये वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचरच्या पाठबळावर चालणाऱ्या, मध्य आफ्रिकेसह अनेक ठिकाणच्या उद्यानांत वनरक्षकांनी स्थानिकांवर अत्याचार केल्याचे गंभीर आरोप झाले. त्यांची तपासणी करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या माजी मानवी हक्क उच्चायुक्त नवी पिल्लै यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीचा अहवाल २०२० मध्ये आला. तो निघण्यापूर्वी वाचण्यासारखा आहे.

कायद्याच्या बाजूने काही पावले पडली आहेत. मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार स्वीकारणारा आफ्रिकेतील पहिला देश म्हणजे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक (२०१०), आणि काँगो प्रजासत्ताकाने २०११ मध्ये मूळ रहिवाशांसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडील २००६ च्या वनहक्क कायद्याची अंमलबजावणी गडचिरोलीत ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना कागदावरचा हक्क आणि हाती आलेला हक्क यांतील अंतर समजावून सांगण्याची गरज नाही.

आरोग्याची कोणती तयारी करावी?

पीतज्वराची लस अनिवार्य आहे. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते, म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये. हिवतापाचा धोका तेथे वर्षभर आणि तीव्र असतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात आणि परतल्यानंतरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्याव्यात. पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे, पायमोज्यांत खोचता येणारी विजार आणि ओढ्यातून चालण्यासाठी पायात घट्ट बसणारी, पाणी निथळणारी पादत्राणे घ्यावीत. घामावर झुंबडीने येणाऱ्या, न डसणाऱ्या चिलटाएवढ्या मधमाश्या डोळ्यांत आणि कानांत शिरतात. त्यांच्यासाठी डोक्यावरून घेण्याची जाळी नेली नाही, तर गोरिलांसमोरचा तो एकमेव तास डोळे चोळण्यात जाईल.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते, पण तीच ती चव चालवून घ्यावी लागते. कसाव्याचे पीठ शिजवून केलेला गोळा, ज्याला तेथे गोझो म्हणतात, भात, केळी, शेंगदाण्यातली कोको पाने आणि फळे मिळतात. निवासव्यवस्थेला आधी कळवावे. भाजणी, मेतकूट आणि कोरडी चटणी बरोबर असली की दिवस सुखाने जातात. जंगलातील प्राण्यांचे मांस कोणी देऊ केले, तर मांसाहारी व्यक्तीनेही नम्रपणे नाकारावे.

पैसे आणि संपर्क?

चलन मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँक आहे आणि त्याचा दर युरोशी बांधलेला आहे (१ युरो = ६५५.९५७ फ्रँक). युरोच्या नोटा न्याव्यात, रुपये कोणी घेणार नाही, आणि बायांगामध्ये कार्डावर विसंबू नये. जंगलात फोन लागत नाही.

मुलांना आणि ज्येष्ठांना नेता येईल का?

गोरिला पाहण्यासाठी वयाची किमान अट असते. युगांडात ती १५ वर्षे आहे, इतरत्र नोंदणीच्या वेळी विचारून घ्यावी. ज्येष्ठांसाठी वयापेक्षा गुडघे महत्त्वाचे. जांगा बायपर्यंतची वाट सपाट आहे आणि सावकाश चालणाऱ्याला जमते, परंतु गोरिलांचा माग काढताना तीन-चार तास वाकून, वेलींखालून जावे लागू शकते.

परतताना आणि परतल्यावर काय लक्षात ठेवावे?

हस्तिदंत, कातडी, पिसे, दात यांपासून केलेली कोणतीही वस्तू विकत घेऊ नये. मुंबईत उतरल्यावर पीतज्वराचे प्रमाणपत्र हाताशी असावे, कारण ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. पुढील काही महिन्यांत ताप आला, तर साधा फ्लू समजून अंगावर काढू नये. डॉक्टरांना मध्य आफ्रिकेतून आल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि हिवतापाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.